मल्लाप्पाच्या पलंगावरचं पोतं

सरकारचं 'सेवाकडं' आलं आणि इचलकरंजीत माणसाच्या दंडाला भाव आला. आजारी माणसाला पूर्णवेळ सांभाळणाऱ्या घरच्या माणसाने ते दंडावर बांधायचं. उचलताना, वळवताना स्नायूंवर किती ताण येतो ते कडं मोजतं आणि त्याप्रमाणे सरकार मानधन देतं. एका बहाद्दराने आजारी बायकोच्या नावावर म्हशीला अंघोळ घातली, तर कड्याने म्हणे विचारलं, "रुग्णाला शेपूट कधीपासून?"

म्हशीचं खोटं असेलही. मल्लाप्पा कोष्टीच्या पोत्याचं मात्र खरं आहे.

मानधन कार्यालयाची तपासनीस नूतन हेरवाडे सकाळीच त्याच्या दारात उभी राहिली. संगणकाला पेच पडला होता. मल्लाप्पाची बायको गंगव्वा वारल्याची नोंद उन्हाळ्यातच झाली होती, आणि दिवाळी आली तरी मल्लाप्पाचा दंड तिला रोज उचलत होता.

"अण्णा, आत येऊ का?" नूतन जोराने म्हणाली.

मल्लाप्पाने तिच्या ओठांकडे पाहिलं. जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेला, कान कधीच गेले होते. त्या खडखडाटात माणसं आवाजाने बोलतच नाहीत, ओठांनी बोलतात.

"या की. आन् वरडू नगा. मला ऐकू येत न्हाई, पर शेजारणीला लई येतंय."

आत पलंगावर, डाव्या कुशीवर निजवल्यासारखं, सुताचं पोतं होतं. गंगव्वाच्या वजनाचं. त्यावर तिचं हिरवं इरकल लुगडं पांघरलेलं.

"अण्णा, ही फसवणूक आहे."

"हाय की. तुमचं पैसं बँकेत तसंच पडल्यात, उद्या घिऊन जावा. फकस्त फाईल मिटवू नगा."

"का?"

मल्लाप्पा भिंतीला टेकून खाली बसला आणि सांगू लागला.

लकव्याने गंगव्वाचं अंग लुळं पडलं, आवाज गेला, ओठ तेवढे राहिले. डॉक्टर म्हणाले, आता यांचं बोलणं संपलं. त्यावर दोघं नवरा-बायको हसली. गाठच मुळी मागावर पडलेली, त्यांनी एकमेकांपाशी आवाज वापरला होता कधी? गंगव्वा ओठांनी अशा काही शिव्या द्यायची की हा आधी खिडकी लावून घ्यायचा.

मानधनाबरोबर एक जादा लाभ होता, विसावा. वर्षातून आठवडाभर सरकारी परिचारिका घरी येणार आणि सांभाळणाऱ्याने आराम करायचा. मल्लाप्पा कधी गेला नाही. शेवटी गंगव्वाच मागे लागली. "जा की बहिणीकडं. तुझं त्वांड बघून इटले मी."

तो गेला. आणि त्याच आठवड्यात ती गेली.

"नर्सबाई चांगली हुती बगा. म्हनली, शेवटपातूर ओठ हलत हुते. पर काय म्हनत हुती ते तिला उमगलं न्हाई." मल्लाप्पाने पलंगाकडे बोट दाखवलं. तो सरकारी राखण-पलंग होता. रुग्णाची नाडी मोजता मोजता चेहऱ्याचं चित्रणही करणारा. "ते चित्र तुमच्याकडं हाय. मागाय गेलो तर मशीन म्हनतंय, 'उच्चार आढळला नाही, देण्यासारखं काही नाही.' आन् फाईल मिटली की पुसून टाकत्यात. मग मी मिटूच दिली न्हाई."

चित्रण नूतनच्या टॅबवर होतं. ते कुणाला दाखवणं नियमात बसत नव्हतं. तिने टॅब त्याच्यासमोर धरला.

गंगव्वा डाव्या कुशीवर होती. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. परिचारिका वाकून मायेने विचारत होती, "पाणी देऊ का आजी? देवाचं काही लावू?" ओठ पुन्हा हलले. पुन्हा तेच. मग हलायचे थांबले.

"काय म्हणाल्या?" नूतनने विचारलं.

"जेवला असंल का, म्हनली." मल्लाप्पा घाईने, नको इतक्या मोठ्याने बोलला. "दुसरं काय म्हननार? मिटवा आता फाईल."

तो उठून पलंगापाशी गेला. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून त्याने पोतं उचललं आणि अलगद उजव्या कुशीवर वळवलं. लुगडं नीट केलं. मग पोत्याच्या डाव्या अंगावरून, दबलेला खांदा चोळावा तसा, हात फिरवत राहिला. कड्यावर हिरवा दिवा लागला. सेवा नोंदली गेली.

नूतनने चित्रण मागे नेलं. गंगव्वाच्या ओठांबरोबर तिने स्वतःचे ओठ हलवून पाहिले. जमेना. पुन्हा हलवले. मग ओठांवर शब्द आले, आणि ते तिच्याच आवाजात तिला ऐकू आले.

"कूस बदल माझी, मल्लू. कूस बदल."

मल्लाप्पाची पाठ तिच्याकडे होती. त्याला ऐकू जाणार नव्हतं.

फाईल बंद करायला तिने टॅबवर बोट टेकवलं. बंद होण्याआधी फाईलने नेहमीचा एकच प्रश्न विचारला, आणि त्याच्या उत्तराची रिकामी जागा लुकलुकत राहिली:

रुग्णाची शेवटची सेवा कधी झाली?