सहाव्या ओळीपुढची सही

माझा स्वभाव खवट आहे. तीस वर्षं इतिहास शिकवला, दहावीचे पेपर तपासले, पण कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही. आमच्या घरात छप्पन सालापासून देव नाहीत. त्यामुळे २००३ च्या मे महिन्यात दौलतराव साळवे कागदांची चळत घेऊन आले, तेव्हा मला हसूच आलं.

दौलतराव अंबरनाथ पश्चिमेला आमच्याच इमारतीत राहायचे. कारखान्यातून निवृत्त झालेले, दर रविवारी चर्चला जाणारे सज्जन गृहस्थ. बायबलमधली भाकितं इतिहासात जशीच्या तशी खरी झाली, अशी पुस्तिका त्यांना छापायची होती.

"तुम्ही तपासा, सर. तुम्ही मानत नाही, म्हणूनच तुमच्याकडं आणलं."

"मी लाल पेनानं तपासतो. चूक ती चूक."

"चूक द्या की. फक्त जपून द्या. देव बोललाय ते कुठं ना कुठं होतंच."

म्हातारा भाबडा आहे, असं म्हणून मी कामाला लागलो. अकरा पानं होती. आठवं पान सोर या शहराचं, लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं. एकेका ओळीत एकेक भाकीत होतं. अनेक राष्ट्रं चालून येतील. बरोबर. शहराचे दगड, लाकडं, माती पाण्यात टाकतील. बरोबर, सिकंदराने त्याचाच बांध घातला. तिथली गाणी बंद पडतील. चूक, माणसं आहेत तिथं गाणी आहेत. माती खरवडून उघडा खडक उरेल. चूक, इमारती उभ्या आहेत. खडकावर कोळी जाळी वाळत घालतील. बरोबर. सहावी ओळ: शोधलंत तरी ते सापडणार नाही. इथं मी ठसठशीत फुली मारली आणि समासात लिहिलं, "आज लाखावर वस्ती. बस जाते." वर शाळेचा नकाशासंग्रह काढून सोरच्या ठिपक्याभोवती लाल वर्तुळही केलं, म्हातारा वाद घालायला आला तर दाखवायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. द्रौपदीताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, फीसाठी लोकांच्या शेतात भात लावला. आता जवळच्याच पालेगावात एकटी राहते.

"नरू, काल आपल्या गावातल्या किसनच्या पोरीची हळद होती. बनूबाई धवले म्हणायला बसली, नि तोंड नुसतं हलतंय. आवाजच नाही."

धवले म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातली विधीची गाणी. बनूबाईने ती चाळीस वर्षं म्हटलेली.

"घसा बसला असेल."

"मग कॅसेट लावली. बाजा वाजतोय, गाणारीचा आवाज नाही. आम्ही सगळ्या बायका म्हणून बघितलं. बोलता येतं रे, गाता येत नाही."

मी म्हटलं, स्पीकर बिघडला असेल.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन सकाळीच आला. अंगणातली माती गेली होती. मोगऱ्याची मुळं उघडी पडली होती आणि खाली काळा खडक, झाडून घेतल्यासारखा स्वच्छ.

"बिल्डरचा जेसीबी आला असेल."

"चाकांचे वळ नाहीत, नरू. मी दारात झोपले होते. मला जाग आली नसती का?"

फोन ठेवून मी आठवं पान काढलं. मी फुल्या मारलेल्या ओळी तीन होत्या. तिसरी, चौथी आणि सहावी. जिथं बरोबर दिलं होतं, त्यातलं काहीच पालेगावात झालं नव्हतं. योगायोग, मी मोठ्याने म्हणालो. पान पिशवीत टाकलं आणि स्टेशनजवळून रिक्षा केली.

पालेगावचा रस्ता मला डोळे मिटून येतो. पाण्याची टाकी, पिंपळ, डावीकडची गल्ली, तिसरं घर. टाकी आली, पिंपळ आला. गल्ली आली नाही. पिंपळानंतर सरळ एका नव्या बांधकामाच्या कुंपणाचा पत्रा सुरू होत होता. आम्ही परत फिरलो, पुन्हा आलो. किसन त्याच्या दारात मांडव सोडत होता. त्याला विचारलं.

"कोण द्रौपदी, सर?"

त्याच्या बारशाला ताईने घुगऱ्या केल्या होत्या. मी मोबाइल काढला. दोन रिंगमध्ये तिने उचलला.

"ताई, कुठं आहेस?"

"दारात. तू असा काय करतोस? तीनदा माझ्यासमोरनं गेलास."

मी समोर बघितलं. पत्रा होता.

"मी हात करतेय, नरू."

पत्र्यावर ऊन पडलं होतं.

"नरू, मला भीती वाटतेय. तू माझ्याकडंच बघतोयस ना?"

आवाज बारीक होत चालला होता.

मी पान मांडीवर घेतलं. सहाव्या ओळीची फुली खोडली, शेजारी बरोबरची खूण केली. खाडाखोड केली की परीक्षकाने शेजारी सही करायची, हा आमचा नियम. मी सही केली.

मान वर केली तेव्हा गल्ली होती. ताई दारात उभी होती, फोन कानाला लावून. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. पन्नाशीच्या माणसाला लाज वाटावी इतका रडलो.

संध्याकाळी दौलतराव पानं न्यायला आले. आठव्या पानावर ते थांबले.

"शेवटचं बरोबर दिलंत. द्यायलाच हवं होतं. तिथं काही नाही, हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण समासात हे काय लिहिलंय? 'आज लाखावर वस्ती.' कुणाची, सर?"

ते गेल्यावर नकाशासंग्रह उघडला. लेबनॉनचा किनारा. माझं लाल वर्तुळ जिथल्या तिथं होतं. आत फक्त निळा रंग होता.

मी स्वतःला सांगितलं की ठिपका आधीही नसेल. पण वर्तुळ कशाभोवती केलं होतं, हे मला माहीत आहे. सही कुणाची आहे, हेही.

ताई सुखरूप आहे. बनूबाई पुन्हा गाते, कारण बंद पडायची ती गाणी आता तिथली बंद पडली आहेत. अंगणात मातीही आपोआप परत आली आहे, पण खारट. मोगरा धरला नाही. ताई तिथं रोज थोडं खणून बघते. काल तिचा फोन आला.

"नरू, मातीत चपला निघतायत. लहान मुलांच्या. आपल्याकडच्या नाहीत रे, वेगळ्याच आहेत. रोज दहा-बारा तरी निघतात. फेकवत नाहीत. पडवीत लावून ठेवू का?"