दोन जास्तीचे टॉवेल

सकाळचे सहा वाजले होते. महदिया गावाच्या समुद्रावर ऊन अजून कोवळं होतं, आणि सुंदुस काखेत सहा टॉवेल घेऊन हॉटेलच्या तरणतलावाकडे निघाली होती.

वर्षातली एकुलती एक आठवड्याची रजा. स्फाक्स शहरातल्या औषधाच्या दुकानात अकरा महिने उभं राहून मिळवलेली. या आठवड्यात फक्त झोपायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण पहिल्याच दिवशी पावणेसहाला नजीबा आत्यानं तिच्या अंगावरची चादर ओढली होती.

"ऊठ. खुर्च्या धरून ये. छत्रीखालच्या, सलग सहा."

"आत्या, आपण चौघंच आहोत. तू, मी, आई, बाबा."

"जा म्हटलं ना."

आत्याशी वाद घालण्यापेक्षा सहा टॉवेल वाहणं सोपं होतं. सुंदुसनं एकेका आरामखुर्चीवर एकेक टॉवेल नीट पसरला. सहावा टाकून मागे वळली, तर पहिल्या तीन खुर्च्या रिकाम्या. पांढऱ्या शर्टातला एक उंच माणूस चौथ्या टॉवेलची घडी घालत होता. अगदी शांतपणे, जणू घरचीच दोरीवरची धुणी काढतोय.

"अहो — ते आमचे आहेत."

"हॉटेलचे आहेत," तो म्हणाला. "आठच्या आधी खुर्च्या धरता येत नाहीत. पाटी आहे तिथे."

"पाटी बोगनवेलीच्या मागे आहे."

"हो. तीही तक्रार माझ्याकडेच येते."

सुंदुसनं पाचव्या टॉवेलचं एक टोक पकडलं. दुसरं टोक त्याच्या हातात होतं. कोणीच सोडेना.

"तुम्ही स्फाक्सच्या ना?" त्यानं विचारलं.

"कशावरून?"

"सुट्टीतसुद्धा सहाला कामाला लागलेली माणसं दुसरीकडून कुठून येणार?"

"आणि तुम्ही इथले असणार. दुसऱ्यानं केलेलं काम उलटवायचं, तेही हसत हसत."

तो खरंच हसत होता. त्याच्या खिशावरच्या पट्टीवर लिहिलं होतं — नौफल, पाहुण्यांच्या तक्रारी. सुंदुसनं टॉवेल सोडला. वर जाऊन आत्याची बोलणी खाल्ली आणि तोंडावर उशी घेऊन पडून राहिली. झोप काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या मजल्यावरचा धुराचा भोंगा वाजला. अंघोळीच्या पंच्यात, साबणाच्या फेसात, पाहुणे जिन्यावरून धावत खाली आले. सुंदुसच्या आईनं, सईदानं, स्फाक्सहून गॅसची छोटी शेगडी आणि कुसकुसचा जाडा रवा वाफवायचं भांडं बॅगेत घालून आणलं होतं — अशा हॉटेलात, जिथे सकाळपासून रात्रीपर्यंत खाण्याची टेबलं भरलेलीच असतात.

"त्यांच्या कुसकुसला एकदाच वाफ देतात," आई म्हणाली. "मी चाखून बघितलं. तोंडात वाळू."

"म्हणून तू हॉटेल पेटवणार होतीस?"

"मी काही पेटवलेलं नाही. तू खाली जा आणि त्यांनी नेलेली शेगडी परत घेऊन ये. तुला बोलता येतं."

घरात सगळ्यांचं म्हणणं हेच असायचं. सुंदुसला बोलता येतं. म्हणून शेजाऱ्यांशी भांडण झालं की सुंदुस, वीज गेली की सुंदुस, आत्याचं कुणाशी बिनसलं की सुंदुस. कपाळाला हात लावून ती खाली गेली. शेगडी काउंटरवरच ठेवलेली होती.

"आई म्हणाल्या, औषधाचा काढा उकळत होत्या," नौफल म्हणाला.

"आई खोटं बोलली."

"कुसकुस?"

"माशाचं."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कसं… झालं होतं?"

"अर्धवट राहिलं. तुमच्या भोंग्यामुळे."

शेगडी परत मिळाली नाही. पण हॉटेलच्या भटारखान्यात, त्याच्या ओळखीनं, आईला संध्याकाळी तासभर एक चूल मिळाली. तिनं भांडंभर कुसकुस केलं आणि एक ताट नौफलकडे पाठवलं. ते घेऊन अर्थातच सुंदुसला जावं लागलं. ताट घासूनपुसून परत आलं, सोबत निरोप — दुसरी वाफ कळते, म्हणावं. आई दुसऱ्या दिवशीही तो निरोप कुणाकुणाला सांगत होती.

आत्याच्या तक्रारी मात्र थांबेनात. गाणी मोठ्यानं लावतात. लिंबू सरबतात लिंबू नाही. जर्मन बाई आपल्या खुर्चीवर बसली. दर वेळी खाली जायचं ते सुंदुसनं. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की तक्रार घेऊन जाण्याआधी आपण केस विंचरतोय. ती स्वतःवरच चिडली. आणि त्या दुपारी, आत्या घोरत पडलेली असताना, कुणाचीच तक्रार नसताना, ती काउंटरपाशी जाऊन उभी राहिली.

"आज काय?" त्यानं वही उघडली.

"आज… उशी."

"उशीला काय झालं?"

"मऊ आहे."

"फार?"

"नाही. बरी आहे… तेच सांगायला आले."

त्यानं वहीत काहीच लिहिलं नाही. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. बाहेर वारा सुटला होता आणि उघड्या दारातून खाऱ्या पाण्याचा वास येत होता. "मी इथे चार हंगाम काम केलंय," तो म्हणाला. "उशी बरी आहे असं सांगायला… कोणी आलं नव्हतं."

सुंदुस वर आली ती पायऱ्या चुकत.

चौथ्या दिवशी बाबा हरवले.

मुन्सिफ मास्तर मुळातच अबोल. चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले, बहीण आणि बायको यांच्यामध्ये बसून निवृत्तीचे दिवस काढत होते. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं दुखणं झालेलं. सकाळच्या न्याहारीनंतर फिरून येतो म्हणाले ते दोन वाजले तरी आले नाहीत. फोन खोलीतच. गोळ्यांची डबीही खोलीत.

आई रडायला लागली. आत्या पोलीस, रुग्णवाहिका आणि हॉटेलचा मालक, तिघांनाही एकदमच बोलवा म्हणत होती. सुंदुस डबी मुठीत धरून खाली धावली.

नौफलची पाळी नुकतीच संपली होती. त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता मोटरसायकलची किल्ली काढली. "गावात शोधू. पायी किती लांब गेले असतील?"

"किल्ली द्या. मी चालवते."

"तुम्ही?"

"मी स्फाक्सची आहे. आमच्याकडे चालायच्या आधी हेच शिकतात. तुम्ही मागे बसा आणि रस्ता सांगा."

तो मागे बसला. डावीकडे, उजवीकडे, सरळ… एवढंच बोलत होता, आणि खड्डा आला की तिच्या खांद्याला अगदी बोटभर धरून लगेच सोडत होता. चौकातलं झाडाखालचं कॅफे पाहिलं, दीपगृहाकडचा उतार पाहिला, समुद्राकाठचं कबरस्तान पाहिलं. उन्हानं दगड पांढरे झाले होते. सुंदुसला रडू येत होतं आणि रागही, बाबांचा, आत्याचा, या सगळ्या सुट्टीचा.

मास्तर बंदरात सापडले. कोळ्यांच्या जाळ्यांच्या ढिगावर, सावलीत बसून भाजलेले सार्डिन मासे खात होते. कानामागे मोगऱ्याचा छोटा गुच्छ खोवला होता. इतके खूश ते महिन्याभरात दिसले नव्हते.

"बाबा."

"ये, पोरी. बस. गरम आहेत."

"गोळी घ्या आधी." तिनं डबी पुढे केली. "तिकडे सगळे मेल्यासारखे झालेत आणि तुम्ही मासे खाताय."

मास्तरांनी गोळी गिळली. पाण्याकडे बघत म्हणाले, "तुझ्यासमोर बसायचा धीर होत नव्हता. उद्या दुपारी अनीस तुला बघायला येतोय. दातांचा डॉक्टर. त्याच्या आईला घेऊन. नजीबानं ही सुट्टी त्यासाठीच ठरवली."

सुंदुस बघतच राहिली. सहा खुर्च्या, सहा टॉवेल. दोन जास्तीचे का, ते आता कळलं; पाहुणे उद्याचे, पण आत्या पहिल्या दिवसापासून त्यांची जागा धरत होती.

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मी 'बघू' म्हणालो. त्यांनी 'हो' ऐकलं."

"आणि तुम्ही त्यांना तसंच ऐकू दिलंत."

मास्तरांनी माशाचा काटा बाजूला ठेवला. दहा पावलांवर नौफल उभा होता. त्यानं ऐकलं होतं. पाठ फिरवून तो एका होडीचा रंग निरखून पाहत होता. परत निघताना तिच्याकडून किल्ली घेऊन त्यानं ती मास्तरांच्या हातात दिली, "हिला मागे बसवा, मी चालत येतो," म्हणाला. आणि त्या संध्याकाळपासून तो तिला 'मॅडम' म्हणायला लागला.

दुसऱ्या दिवशी अनीस आला. माणूस वाईट नव्हता. छत्रीखाली बसल्यावर सुंदुस बोलत होती आणि तो तिच्या तोंडाकडे लक्ष देऊन पाहत होता.

"तुमच्या खालच्या अक्कलदाढेला जागा कमी पडतेय," तो शेवटी म्हणाला.

"अनीस, मला हे लग्न करायचं नाही. मला कोणी विचारलंच नव्हतं. तुम्हाला इथवर आणलं, त्याबद्दल मला वाईट वाटतं."

त्यानं सरबताचा घोट घेतला. "मलाही आईनंच आणलंय," तो म्हणाला. "पण दाढ दाखवून घ्या." दोघं मायलेकरं संध्याकाळी परत गेली. आत्यानं सुंदुसशी बोलणं टाकलं. म्हणजे रागावून ती गप्प बसली असं नाही. ती सगळं भिंतीला ऐकवत होती.

सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशी सुंदुस काउंटरपाशी गेली.

"बोला, मॅडम."

"मॅडम काय लावलंय? परवापर्यंत मी स्फाक्सची होते."

"पाहुण्यांशी… जास्त बोलायचं नाही, असा इथला नियम आहे."

"उशीच्या वेळी कुठे होता तो नियम?"

नौफलनं वही बंद केली. "तुम्ही डॉक्टरला नाही म्हणालात. माझं तर काम हंगामापुरतं. ऑक्टोबरात संपतं. हिवाळ्यात मी मामाच्या बागेतले ऑलिव्ह उतरवतो. तुमच्या आत्या मला दारात उभं करतील?"

"मी आत्याचं विचारलंय का? सगळेच मला दुसऱ्यांची उत्तरं सांगतात." तिचा आवाज चढला, काउंटरवरच्या दोघा पाहुण्यांनी वळून पाहिलं. "उद्या बाराला आम्ही खोली सोडतोय. बारा वाजून एक मिनिटांनी मी पाहुणी नसेन. मग कुठला नियम उरतो ते बघते."

त्याचा फोन वाजला. त्यानं तो उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला काउंटरवर दुसरीच मुलगी होती. नौफलनं रजा घेतलीय, म्हणाली. सुंदुसनं बॅगा गाडीत कोंबल्या, कुसकुसचं भांडं मांडीवर घेतलं आणि मागच्या सीटवर आईशेजारी जाऊन बसली. डोळे कोरडे होते. इतका वैताग तिला आठवडाभरात आला नव्हता, आणि या आठवड्यात तर वैतागाची काही कमी नव्हती.

मास्तरांनी गाडी फाटकाशी आणली आणि करकचून थांबवली. समोर आडवी मोटरसायकल उभी होती. नौफल, घामानं भिजलेला. आणि त्याच्या मागून उतरत असलेली, अंगाभोवती गुंडाळलेली पांढरी चादर दातात धरून तोल सावरणारी एक लठ्ठ बाई.

"ही माझी आई," तो मास्तरांच्या खिडकीशी वाकून म्हणाला. "क्सूर एस्साफ गावाहून आणली. रस्त्यात टायर बसला… म्हणून उशीर झाला."

आत्यानं काच खाली केली. "क्सूर एस्साफमधले कोणाकडचे?"

"मशिदीमागच्या तेलाच्या घाण्याजवळ आमचं घर," त्याची आई म्हणाली. "तुम्ही त्याच का, लिंबू नसलेल्या सरबतावाल्या? खरं सांगायचं तर इथलं सरबत मलाही आवडत नाही."

आत्याचा चेहरा उजळला. "बघा, मी हेच सांगत होते," ती म्हणाली, आणि दार उघडून उतरलीच. आईही उतरली. घर स्वतःचं का, बहिणी किती, मुलगा हिवाळ्यात काय करतो, मुलगी दुकान सोडणार का, भांडीकुंडी, मागणी घालायला रविवारी यायचं की सोमवारी… फाटकातच सगळं सुरू झालं. मागे गाड्यांची रांग लागली. कोणीतरी भोंगा वाजवला.

"मला कोणी विचारणार आहे का?" सुंदुस म्हणाली.

तिघी बायकांनी वळून पाहिलं. भोंगा परत वाजला. मुन्सिफ मास्तरांनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरून मागच्या गाडीवाल्याला म्हणाले, "थांबा. माझी मुलगी बोलतेय."

नौफल तिच्या दाराशी आला. दाराच्या कडेवर त्याचा हात होता, बोटांना टायरचं काळं लागलेलं. "सुंदुस… मी रस्ताभर पाठ केलं होतं. सगळं विसरलो. तू — माझ्याशी लग्न करशील?"

तिनं मांडीवरचं भांडं आईच्या जागेवर ठेवलं, खाली उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"एवढं विचारायला तुला आठवडा लागला," ती म्हणाली. "करेन. आणि रविवारी याल तेव्हा तू बोल, आईला बोलायला लावू नकोस."