सोळा छटांतली बाई

सावली तालुक्यातल्या त्या गावात बाया मोहफुलं वेचायला निघाल्या की आधी विहारासमोरचा बोर्ड पाहत. बोर्ड संघपालनं लावलेला. मोबाइलवर पाहून पाहून सगळं शिकलेला पोरगा. ई-इंकची स्क्रीन होती, कडक उन्हातही छापील कागदासारखी दिसणारी. जंगलातल्या मोठ्या मोहाजवळ एक कॅमेरा बांधला होता, त्याचा पहाटेचा फोटो बोर्डावर यायचा. वाघ दिसला की त्या दिवशी कोणी जायचं नाही, एवढं साधं.

घोळ रंगांचा होता. काळा आणि पांढरा असे दोनच ठेवले, तर वाघाचे पट्टे बांबूत मिसळून जात. म्हणून त्या मंगळवारी त्यानं करड्या रंगाच्या सोळा छटा लावल्या. वाघ नव्हता. पण मोहाखाली एक बाई वाकलेली होती, अगदी फिक्कट, पुसलेल्या पाटीवर राहिलेल्या अक्षरासारखी.

असल्या स्क्रीनवर जुन्या चित्राचा डाग राहतो, हे त्याला माहीत होतं. त्यानं स्क्रीन तीनदा पूर्ण काळी-पांढरी करून पुसली. बाई तिथंच. मोबाइलवर तोच फोटो उघडला, तर झाडाखाली कोणी नव्हतं.

बुधवारी ती गडद झाली. कमरेला टोपली होती, काठ एका जागी तुटलेला, वायरनं बांधलेला. तो काठ संघपालनंच बांधून दिला होता. आईला.

गुरुवारी बाईच्या मागं, बांबूत, वाघ बसला होता. मोबाइलवर बांबूही रिकामा.

तेवढ्यात आई आलीच. अंजनाबाई, काळ्या-पांढऱ्या खिचडी केसांचा बुचडा, कमरेला तीच टोपली. सोबत शेजारची रंजीता. संघपालनं घाईघाईत दोन रंगांचं सेटिंग लावलं आणि वाघ आहे, घरी जा म्हणून सांगितलं. रंजीता कुरकुरली. दोन दिवसांत फुलं रानडुकरं खाऊन जातील, मग काय तुझ्या बोर्डाची भाजी करायची? असं बोलून ती परत फिरली.

अंजनाबाई हलली नाही.

"इथी बाई होती ना रे आत्ता?"

"करडा रंग काढून टाकला मी."

"काढला तं कुठी गेला?"

"कुठी जाईल, माय? त्याले काळं नाई तं पांढरं व्हाच लागते."

त्यानं तिला घरी नेलं. टोपली कोपऱ्यात ठेवली, बाहेरून कडी घातली. लाज वाटली, पण घातली.

परत येऊन सोळा छटा लावल्या.

बांबू आला. पानं आली. वाघ नव्हता. बाईही नव्हती. ती होती तेवढी जागा कोरी, पांढरी.

तो घराकडं पळाला.

कडी तशीच होती.

आई भिंतीकडं तोंड करून बसली होती, केस मोकळे सोडून विंचरत. त्यात आता एकही काळा केस नव्हता.

कोपरा रिकामा होता.

"टोपली झाडाखालीच राह्यली रे," ती मागं न पाहता म्हणाली.