चहा कधी टाकायचा

सुकेशनीची केनवडहून निघालेली एसटी त्या दिवशी अर्धा तास उशिरा वाशिमला पोचली आणि तेवढ्यात प्रशिक्षणाच्या हॉलमधल्या सगळ्या जोड्या लागून गेल्या. एकच खुर्ची उरली होती. शेजारी निळ्या स्वेटरातले एक सर.

"या मॅडम, या," ते हलकेच म्हणाले. "मी भिंतीसंगच जोडी लावाच्या बेतात होतो."

"मंग लावाची होती. भिंत काही उशिरा नसती आली."

"हसलीही नसती ना पण..."

आपण हसलो? तिनं पटकन ओठ मिटले. किती महिन्यांनी!

रविकांत सर शिरपूर जैनच्या शाळेवर होते. प्रशिक्षण तीन दिवसांचं — मनानं खचलेल्या मुलाला शिक्षकानं पहिला आधार कसा द्यायचा, याचं. सुकेशनी मात्र यादीतून आपलं नाव काढून घ्यायला आली होती. तिच्या वर्गातल्या हेमलाचे वडील दिवाळीत वारले. तेव्हापासून ती पोर बाकावर डोकं टेकवून बसायची आणि सुकेशनी फळ्याकडे तोंड करून शिकवत राहायची. तिच्या स्वतःच्या बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. पोरीजवळ बसलो तर तिच्याआधी आपणच फुटू, ही धास्ती. असली बाई कुणाला काय आधार देणार?

हे सांगायला ती उठणार, तोच प्रशिक्षण देणाऱ्या शुभांगी मॅडम चिठ्ठ्यांचा डबा घेऊन समोर. एकानं विद्यार्थी व्हायचं, दुसऱ्यानं ऐकायचं.

"सल्ला द्यायचा नाही," त्या म्हणाल्या. "शिक्षकांना हेच सगळ्यात जड जातं."

सुकेशनीनं चिठ्ठी उघडली. 'नववीतली मुलगी. वडील वारले आहेत.'

बदलून मागावी... पण मॅडम पुढच्या जोडीकडे गेल्या होत्या.

"बाबा मळ्यातून आले की दारात चपला झटकायचे," ती खाली बघत म्हणाली. "तो आवाज आला की आमी चहा टाकत होतो. आता... चहा कधी टाकायचा, तेच समजत नाही घरात."

सर ऐकत होते. मान किंचित झुकलेली, हात मांडीवर. तिचा आवाज चिरकला, थांबला, पुन्हा सुरू झाला. वेळ संपल्याची टाळी वाजली. सरांनी खिशातला लाल पेन काढून कागदावर ठसठशीत लिहिलं — दहापैकी दहा.

"वा मॅडम! काय अभिनय करता! काटा आला पहा अंगावर."

"अभिनय नव्हता, सर," ती म्हणाली आणि सरळ बाहेर व्हरांड्यात गेली.

थोड्या वेळानं तेही आले. ती पायरीवर बसली होती. ते एक पायरी खाली बसले.

"चुकलं माह्यं. पोराइच्या नाटकाले मार्क देऊ देऊ सवयच लागली... खऱ्यालेही देऊन बसलो."

अंगणात डिसेंबरचं कोवळं ऊन. मग ते हळूच म्हणाले, "मंग आता... कधी टाकता चहा?"

आठ महिने सगळे सांगत होते — धीर धर, आईकडे पाहा, तू तर शिकलेली. हे कुणी विचारलंच नव्हतं. सुकेशनी रडली. अगदी पोटातून, पदरानं नाक पुसत. पहिला आठवडाभर रोज संध्याकाळी चहा कसा उतू गेला, मग आईनं संध्याकाळचा चहाच कसा बंद केला, सगळं सांगितलं. ते फक्त "हं" म्हणत राहिले.

"नाक लाल झालं पहा तुमचं," शेवटी ते म्हणाले.

"पाहू नका मंग."

"सल्ला द्याचा नाही मॅडम. नियम आहे!"

तिनं यादीतलं नाव काढलं नाही.

महिन्याभरानं प्रशिक्षणाची पुढची बैठक झाली. परतताना दोघं बसस्टँडवर बाकावर बसली होती.

"हेमलाजवळ बसले मी," सुकेशनी म्हणाली.

"काय बोलल्या?"

"काहीच नाही. आमी दोघी रडलो. मंग तिनं तिच्या बाबाचं सांगितलं... शिट्टी वाजवत घरी यायचे म्हणे."

"म्हंजे फुटल्याच तुमी?"

"फुटले. पण काही बिघडलं नाही, सर." ती थांबली. "तुमी त्या दिवशी पायरीवर येऊन बसले नसते, तर मी अजून फळ्याकडेच पाहत असते. हे उपकार —"

"उपकार नका म्हणू. दुसरं काही म्हणा."

ती लाजून समोर बघू लागली. शिरपूरची गाडी लागली, भरली, निघाली.

"तुमची गाडी गेली, सर."

"दिसली मले."

"मंग बसले काहून नाही?"

"तुमी बोलून राह्यल्या होत्या ना."

"मी तर गप्पच होते!"

"हो... तेच ऐकून राह्यलो होतो."

तिला हसू आवरेना. बोटाभोवती पदर गुंडाळत, सोडवत ती म्हणाली, "रविवारी घरी या. आईले भेटाले."

"आईले काय सांगाल, कोण आलं म्हणून? शिरपूरचे सर?"

"नाही." तिनं मान वर केली, त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सर म्हणून नाही."

केनवडच्या गाडीचा कंडक्टर हाका मारत होता. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.