कात काढायची नाही

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. मी भुताखेतांना हसणारी बाई आहे. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. आईच्या घरी, बाहेरच्या खोलीत. बाबांना जाऊन जेमतेम महिना झाला होता.

बाबांनी काचेच्या टाकीत झिंगे पाळले होते. नखाएवढे, लालभडक. खायचे नाहीत, नुसते बघायचे. आम्हा भावंडांचे एवढे लाड त्यांनी कधी केले नाहीत! नवं पाणी घालायचं तेसुद्धा गाठ मारलेल्या नळीतून, थेंब थेंब. एकदम ओतलं तर मरतात म्हणे.

रोज संध्याकाळी स्वेटरची डावी बाही वर करून ते पाण्यात हात धरायचे. झिंगे येऊन बोटांवर बसायचे.

आणि एक नियम होता. झिंगा वाढला की अंगावरचं कवच टाकतो. बाबा त्याला कात म्हणायचे. बघणाऱ्याला वाटतं, झिंगा मेला.

"मेला नाही गं, लपलाय. अंग मऊ असतं ना त्याचं. कात काढायची नाही, ती त्याला लागते खायला."

बाबा गेले आणि आईचं जेवण सुटलं. दिवसभर टाकीसमोर बसायची. शेजारी खुंटीला बाबांचा स्वेटर. ती डोळ्यांदेखत झिजत होती आणि माझ्या जिवाला घोर लागला होता.

म्हणून त्या रविवारी मी साफसफाई काढली. टाकीतली कात चिमट्याने उचलून फेकली. स्वेटर पिशवीत भरला, कुणालातरी देऊन टाकायला.

आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "दोन्ही काती काढल्यास होय गं?"

संध्याकाळी वीज गेली. टाकीतल्या पंपाची बुडबुड थांबली.

घर एकदम... मुकं झालं.

टप्... टप्...

नळीची गाठ सुटली असेल, म्हणून मी मोबाईलचा उजेड पाडला. नळी कोरडी होती.

पाणी खुंटीखाली ठिबकत होतं.

खुंटीवर स्वेटर होता. डावी बाही कोपरापर्यंत वर केलेली... ओलीचिंब.

आणि टाकीत सगळे झिंगे मधोमध बसले होते. कशालाही न धरता, नुसत्या पाण्यात. पाच ओळी...

पाच बोटं.

मी दोन पावलं मागे सरकले. आईने मात्र शांतपणे हात पाण्यात घातला. पूर्वी कधीतरी दारात चिमटून वाकडी झालेली तिची करंगळी त्या बोटांना टेकली.

"अहो, किती वेळ लावलात!" ती म्हणाली.

त्या दिवसापासून आई पोटभर जेवू लागली. हसू लागली. मला तरी दुसरं काय हवं होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी कुणाला काही बोलले नाही.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेले. आई आत चहा गाळत होती. मी टाकीकडे पाहिलं.

झिंगे तसेच बसले होते. पण आता हात दोन होते... बोटांत बोटं गुंफलेले.

दुसऱ्या हाताची करंगळी वाकडी होती.

"आई!" मी किंचाळले.

"अगं, आले आले!" आतून लगेच आवाज आला. कपबशा वाजल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मग खुंटीकडे लक्ष गेलं. बाबांच्या स्वेटरवर आईचा स्वेटर टांगला होता. बाहेर कडाक्याची थंडी होती.

"आई, स्वेटर का काढलास?"

"आता नाही लागत गं," ती म्हणाली आणि चहा माझ्या हातात दिला. तिची बोटं हाताला लागली.

मऊ होती. फार मऊ.

तेव्हापासून मी आईकडेच राहते. दोन्ही स्वेटर खुंटीवर आहेत. मी त्यांना हात लावत नाही.