गुरुत्वाची विहीर

१९८१ चा मे. मी तेव्हा भंडाऱ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, आणि गावागावातली अंधश्रद्धा वर्षभरात संपवता येईल असं मला मनापासून वाटायचं.

काम साधं होतं. एकोडीच्या यादोरावला त्याच्या धानाच्या बांधीतली कोरडी विहीर बुजवायची होती. पण त्याची वहिनी चंद्रभागाबाई आडवी येत होती. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा इश्वर गाळ काढायला त्या विहिरीत उतरला. दोर धाकट्या भावाच्या, म्हणजे यादोरावच्याच हातात होता. तो रिकामा वर आला. मग लोक उतरले. खाली माणूस नव्हता, प्रेतही नव्हतं. "विहिरीत कोणी नाही" एवढं मी लिहून दिलं की पंचायत परवानगी देणार होती.

मला यादोरावचाच संशय आला.

चहा होईपर्यंत मी यादोरावच्या ओट्यावर वही उघडली. माझी एक विज्ञानकथा अडली होती.

"काय लिवून राहिले, मास्तर?" चंद्रभागाबाईनं विचारलं. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"प्रकाशाहून वेगानं जाणाऱ्या यानाची गोष्ट. प्रत्येक ताऱ्याभोवती गुरुत्वाची विहीर असते. तिच्यात असताना यानाला उडी घेता येत नाही. आणि जितकं खोल जावं तितका काळ हळू. आत दोन मिनिटं, बाहेर वर्षं."

तिच्या हातातली कपबशी थांबली.

"आमच्या विहिरीचं तुमाले कोनं सांगतलं?"

यादोराव हसला. "घ्या! मास्तर बी वयनीच्याच पार्टीतले निंगाले."

मी 'खड्डा' म्हणायला हवं होतं. 'विहीर' म्हणालो.

भर दुपारी आम्ही तिथं गेलो. तळ कोरडा होता, तरी काठावर ओल्या गाळाचा वास होता. आसपास पाखरू नव्हतं. आताच सिद्ध करून टाकू म्हणून मी माझं घड्याळ बादलीत ठेवून खाली सोडलं. दोर मीच धरला. यादोरावचं घड्याळ मनगटावर बांधलं. अर्ध्या तासानं बादली ओढली. माझ्या घड्याळात दोनच मिनिटं झाली होती. आणि ते चालू होतं.

मी यादोरावकडे पाहिलं. देण्याआधी यानं त्याच्या घड्याळात काही गडबड केली असेल का? की दोघं मिळून मला बनवतायत? पण मग याला विहीर बुजवायची घाई कशाला?

"एक हाक तरी मारा..." चंद्रभागाबाई हळूच म्हणाली.

"इश्वर!" मी ओरडलो.

प्रतिध्वनी आला नाही. एवढ्या खोल विहिरीतून काहीच नाही...

"उतरून राहिली तुमची हाक," ती म्हणाली. "पोचाले वेळ लागंल."

मला चारची एसटी गाठायची होती. मी काठावरच पंचायतीच्या कागदावर सही केली. तिनं माझी बाही धरली.

"मास्तर, तो आताच त उतरला हो... गाळाची पयली बादली बी भरली नसंल."

मी बाही सोडवून घेतली. नंतर कळलं, विहीर बुजवली. पण इश्वरसाठी तिनं नऊ वर्षं आत सोडून ठेवलेला दोर कापू दिला नाही. त्याचं टोक मातीतून वर ठेवून भर घालायला लावली.

चार वर्षांनी, मे महिन्यातच, यादोरावचं पोस्टकार्ड आलं.

'मास्तर, परवा बुजवलेल्या जागेतून हाक आली. इश्वर म्हणून. आवाज तुमचा होता. तुम्ही माझ्यावर संशय घेतला, तो मले तेव्हाच समजला होता. पण आता तुमालेच विचारतो. वयनी तिथून हालत नाही. आज सकाळी खालून "ओ" आला. दोर ताणला आहे. ओढू का?'

खाली यादोरावची सही होती. शेजारी चंद्रभागाबाईचा निळ्या शाईतला अंगठा. त्याच्या बाजूला आणखी एक अंगठा होता, पुरुषाचा, गाळानं उठवलेला. माझ्या उत्तराची वाट न बघताच त्यांनी दोर ओढला होता की काय? कार्ड सहा दिवस उन्हातान्हातून आलं होतं. मी त्यावर बोट ठेवलं.

गाळ ओला होता.