तिसऱ्या बोटाची जागा

त्या दिवशी सकाळपासून हवा नुसती कोंदली होती. ऊन नाही, पाऊस नाही, झाडाचं पान हलत नाही. आभाळ मळक्या चादरीसारखं घरांवर ओढून ठेवलेलं. ऑक्टोबर संपत आला होता आणि शनिवार होता. तारीख विचारू नका, पण वार पक्का. कारण वायरमन त्या दिवशी कुलूप आणायला बाजारात गेला होता, आणि रविवारी ते दुकान बंद असतं.

वायरमन म्हणजे माझ्या चांगल्या ओळखीतला माणूस. थापा मारणाऱ्यांतला नव्हे. त्यानं मला हे सांगितलं तेव्हा समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. जसं ऐकलं तसंच तुम्हाला सांगतो. दार तेवढं लोटून घ्या आणि मधे बोलू नका.

तर दुकानदार म्हणाला, "एवढं दणकट कुलूप? घरात सोनंबिनं सापडलं की काय?"

"व्हायोलिन आहे."

"मग कुलूप कशाला? ते चोरायला कोणी आला तर शेजारी त्याला उचलायला हात लावतील!"

एरवी वायरमन त्याहून मोठ्यानं हसला असता. त्या दिवशी कुलूप खिशात टाकून सरळ चालू लागला.

व्हायोलिन तो तरुणपणापासून वाजवत होता. कुणाकडे शिकला नाही. दिवसभर शिडीवर नाहीतर खांबावर. संध्याकाळी हातपाय धुवायचे, खिडकीशी खुर्ची ओढायची, ते लाकूड हनुवटीखाली धरायचं आणि तारेवर गज ठेवायचा. "पहिला सूर नीट लागला ना, की सगळा शीण पायातल्या बुटासारखा निघून पडतो," असं म्हणायचा. कार्यक्रम नाही, टाळ्या नाहीत. एक धून त्यानं स्वतःच बसवली होती. तिच्यात एक जागा होती. तिथे डाव्या हाताचं तिसरं बोट तारेवरून घसरत वर जायचं. सूर समोर दिसतोय, तरी लगेच धरायचा नाही. जरा रेंगाळायचं, त्याला तरसवायचं, आणि मग अलगद धरायचा. ती जागा साधली की गडी डोळे मिटून घ्यायचा.

उन्हाळ्यात पिठाच्या गिरणीत मोटर दुरुस्त करत होता. पट्टा चढवताना कोणीतरी खटका दाबला. गेलं ते नेमकं तिसरं बोट. मुळापासून.

दवाखान्यातून आल्यावर त्यानं व्हायोलिन पेटीत घातलं आणि पेटी कपाटात. त्या खोलीत बसणं बंद. हसणं बंद. गिऱ्हाइकाशी बोलायचा तेही कामापुरतंच.

सप्टेंबरात एकदा त्याला राहवलं नाही. पेटी उघडली. बघतो तर गज ताणलेला.

आता हे तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. वाजवून झालं की गजाचा स्क्रू सैल करून ठेवावा लागतो, नाहीतर काठी वाकते. वायरमन हे झोपेतसुद्धा विसरला नसता. विसरायचा तो मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, टेम्पो चालवायचा, यांच्याच घरात वरच्या खोलीत राहायचा. दाजींकडूनच चार सूर शिकलेला, आणि दर वेळी गज तसाच ठेवून शिव्या खाल्लेला. शिवाय तारांखाली पांढरी भुकटी पडली होती. गजाला राळ घासतात, तिची. ताजी.

वायरमननं गज सैल केला, पेटी लावून ठेवली. आठ दिवसांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा ताणलेला.

झालं. त्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. मेहुणा जेवायला बसला की याची नजर त्याच्या बोटांवर. जिन्यात पाय वाजला की याचे कान उभे. स्वतःला वाजवता येत नाही, त्याचं दुःख होतंच. पण आपल्या माघारी दुसरं कोणी त्या तारांवर बोटं फिरवतंय, हे त्याला सोसेना. शेवटी बायकोजवळ विषय काढला.

"तुझा भाऊ माझं व्हायोलिन वाजवतो. मी कामावर गेलो की."

"वाजवलं तर झिजतं का ते? तुम्ही तर हात लावत नाही."

"मला विचारायला नको?"

"अहो, तुमची नजर बघून मी आधीच विचारलंय त्याला. नाही म्हणतो."

"चोर कधी हो म्हणतो का?"

बायको हातातलं काम टाकून उभी राहिली. "चोर म्हणालात? मग आता शहानिशा कराच. तो निघाला, तर मीच त्याला खोली सोडायला सांगेन. आणि नाही निघाला, तर त्याची माफी मागायची. तोंडानं. मनातल्या मनात नाही."

शनिवारी दुपारी ती मुलीकडे गेली. नात आजारी होती, रागाचं काही नव्हतं. पण जाताना दार जरा जोरातच लागलं.

रात्री वायरमननं व्हायोलिनच्या खोलीची खिडकी आतून लावली. पेटी कपाटात आहे ना, पाहिलं. गज सैल आहे ना, पाहिलं. बाहेर येऊन दाराला नवं कुलूप घातलं, किल्ली खिशात. आत शिरायचं तर मेहुण्याला कुलपाशी खटपट करावी लागणार, म्हणजे आज सापडेलच, असा त्याचा हिशेब. स्वयंपाकघरात दिवा मालवून बसला. तिथून खोलीचं दारही दिसायचं आणि जिनाही.

मेहुणा उशिरा आला. "दाजी झोपले वाटतं," असं स्वतःशीच पुटपुटत वर गेला.

मग सगळं शांत. हवा तशीच कोंदलेली. नळ टपटपत होता, तोही थांबला.

डोळा लागणार, इतक्यात…

गज तारेवर टेकल्याचा आवाज.

वायरमननं आधी जिन्याकडे पाहिलं. रिकामा. दाराकडे पाहिलं. कुलूप जागेवर.

आवाज आतून येत होता.

हळू. अगदी हळू. एखादा माणूस घर झोपलंय म्हणून जपून वाजवतो, तसा. आणि धून… धून त्याची होती. त्यानं बसवलेली.

'मेहुण्यानं उचलली असेल,' त्यानं मनाला समजावलं. 'खिडकीतून शिरला असेल.' पण खिडकी त्यानंच लावली होती. आतून.

धून पुढे सरकली. ती जागा जवळ आली. त्या जागेवर मेहुणा दर वेळी अडखळायचा. तिसरं सोडून कुठल्याच बोटानं ती साधत नाही… बोट होतं तेव्हा यानं स्वतः किती वेळा करून पाहिलं होतं.

सूर घसरत वर गेला.

रेंगाळला.

आणि अलगद…

वायरमननं अंधारात आपला डावा हात उजव्या हातानं घट्ट धरला. बोट नव्हतं तिथे. नव्हतंच.

"दाजी?"

मागून आवाज आला. तो किंचाळणारच होता. जिन्याच्या खालच्या पायरीवर मेहुणा उभा. अनवाणी.

"दाजी… तुम्ही इथे?" मेहुण्याचा आवाज चिरकला. "मग आत कोण वाजवतंय?"

वायरमननं नुसता हात करून कुलूप दाखवलं.

"मला वाटायचं तुम्हीच. किती दिवस ऐकतोय. वरच्या पायरीवर बसून. मी कुणाला बोललो नाही… म्हटलं, दाजी लपून वाजवतात, लाजत असतील. वाजवू देत."

आत धून चालूच होती.

वायरमननं किल्ली काढली. अंधारात ती लागेना, शेवटी मेहुण्यानंच कुलपात घातली. कुलूप उघडलं. धून थांबली.

दिवा लावला.

कोणी नाही. खिडकी बंद. खुर्ची भिंतीशी. कपाट बंद. कपाटात पेटी बंद, दोन्ही कड्या लावलेल्या. वायरमननं झाकण उघडलं.

गज ताणलेला.

त्यानं तारेला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. तार अजून थरथरत होती…

दोघं तिथे थांबले नाहीत. पेटी उचलली, घराला बाहेरून कुलूप घातलं आणि टेम्पोत बसून मेहुणा जिथला माल वाहायचा त्या गोदामावर गेले. तिथे पोत्यांना टेकून बसल्यावर वायरमन कसाबसा म्हणाला, "मी तुझ्यावर पाळत ठेवून बसलो होतो."

"कळलं मला."

"चोर म्हणालो तुला. चुकलं माझं. माफ कर."

मेहुण्यानं एक पोतं पाठीशी नीट ओढून घेतलं. मग म्हणाला, "चोर म्हणालात त्याचं काही नाही हो. पण ती जागा मी वाजवली असं वाटलं तुम्हाला, हे भारी झालं!"

वायरमनला हसू यायला हवं होतं. नाही आलं. उजाडेपर्यंत पेटी मांडीवरच होती आणि दोन्ही हात तिच्यावर गच्च दाबलेले. डोळ्याला डोळा लागला नाही, पेटीतून एक सूर उमटला नाही. मेहुणाही जागाच होता. त्याला विचारा, अजून सांगेल.

सकाळी वायरमन एकटाच परतला. पेटी काखेत. घराचं कुलूप होतं तसं होतं. आत गेला.

भिंतीशी ठेवलेली खुर्ची खिडकीशी ओढलेली होती. खिडकी सताड उघडी. आणि खुर्चीखाली फरशीवर पांढरी भुकटी. रात्रभर वाजवल्यावर पडते, एवढी.

तो तसाच उलट्या पावली बाहेर आला. शेजारच्या काकू ओट्यावर उभ्या होत्या. यांची भिंत आणि त्यांची भिंत एकच. व्हायोलिन वाजलं की भिंतीवर धपका घालणाऱ्या बाई. पण आज चेहरा निवळलेला.

"पहाटेपर्यंत वाजवलंत, नाही?" काकू म्हणाल्या. "आज नाही हो भांडायची मी. वाजवणं काय, तुम्ही आधीही वाजवायचात. पण बोट गेल्यापासून तुमचं हसणं ऐकलं नव्हतं. काल किती हसत होतात… मला बाई झोपेतसुद्धा बरं वाटलं."